पेटीच्या दाराची जाळी

"सगळे नरच हायेत, अक्का," मधमाश्यांची चौकट उन्हात धरून बसलिंगप्पा म्हणाले.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "मंग राणीच वांझ निघाली म्हणायची."

गोवरीचा धूर मीच धरला होता. तो शब्द आमच्या घरात माझ्यासाठी राखून ठेवलेला. त्या दिवशी तो माशीच्या वाट्याला गेला आणि मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. देगलूरच्या मावशींनी माझ्या नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती आणि सोमवारी पाहुणे बोलणी करायला येणार होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण घरात नवे कप आले की सुनेला कळतंच. विनोद हो म्हणाला नव्हता. 'नाही' तर मुळीच म्हणाला नव्हता.

बसलिंगप्पा उदगीरकडचे. करडई फुलली की पेट्या घेऊन गावोगाव फिरतात. आमची पेटी आजारी दिसू लागली म्हणून आत्याबाईंनी त्यांना बोलावलं होतं.

"वांझ कशी?" ते म्हणाले. "अंडी तर घालून राहिली की. नराशी भेट झाली न्हाई तर राणीच्या अंड्यातून नुस्ते नर निघतेत. कामाच्या माश्या व्हायला भेट व्हावी लागती."

"बापाबिगर लेकरू?" आत्याबाई पुढं वाकल्या. "अन् ते बी पोरगंच? लई अवघड हाय बाबा."

मला हसू आवरेना. "कुठं होती ही भेट?" मी विचारलं.

"आभाळात. तरणी राणी दुपारची बाहेर पडती, उडता उडता नरांना भेटती अन् घरी येती. तेवढ्यावर जलमभर अंडी घालती."

"मंग ही कामून गेली न्हाई?" आत्याबाईंनी विचारलं. "काही रोग-बिग?"

बसलिंगप्पांनी राणी अलगद चिमटीत धरून उलटसुलट बघितली. "पंख नीट हायेत. अंगावर किडा न्हाई. धडधाकट हाय."

मी खाली बसून पेटीचं दार बघितलं. दाराला जाळी होती. कामाच्या माश्या अंग चोरून आतबाहेर करत होत्या. राणीचं थोराड अंग तिच्यातून जाणं शक्यच नव्हतं. गेल्या साली पहिली वसाहत राणीसकट उडून गेली, तेव्हापासून आत्याबाईंनी ती लावली होती. पुढं दुसरी वसाहत आणली, तिची जुनी राणी मेली, नवी जन्मली. जाळी तशीच राहिली.

"आत्याबाई, ही जाळी," मी म्हटलं.

त्यांनी वाकून जाळीवरून बोट फिरवलं. "आता काढली तर?"

"आता वय गेलं तिचं, अक्का. तिला काढावंच लागंल. मी अंड्यांची चौकट देतो, माश्या नवी राणी करतेल."

"चूक माझी, अन् जायचं तिनं?"

बसलिंगप्पा राणीला चिरडायला निघाले तर आत्याबाईंनी हात धरला. राणी काड्यापेटीत घालून मागून घेतली.

विनोद जेवायला बसला तेव्हा त्या म्हणाल्या, "सोमवारी पाहुणे येणार न्हाईत. मावशीला फोन केलाय. आपुन लातूरला जायचं, तुला दाखवायला."

"मला? मला काय झालंय?"

माझ्या तपासण्या लातूरला दोनदा झाल्या होत्या. पोरीत दोष नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वेळा सांगितलं. नवऱ्याला आणा म्हणाल्या, तर आत्याबाईच म्हणायच्या, गड्याला काय बघायचं.

"तेच बघायचंय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली. मी चुलीकडं तोंड करून पोटभर रडले.

भांडी घ्यायला बाहेर आले तर त्या बांधावर उभ्या होत्या. हातात उघडी काड्यापेटी. राणी काठावर येऊन पंख हलवत होती.

"उड की, माय," त्या म्हणाल्या.

ती उडाली नाही. आत्याबाईंनी तिच्यावर पदराची सावली धरली आणि स्वतः तशाच उन्हात उभ्या राहिल्या.