मागे मागे चालत

दोरवाल्याने काठी उगारली, तरी कुत्रा जागचा हलेना. दोर वळायच्या वाखाच्या नव्या गठ्ठ्यावर त्याने तंगडी वर केली होती, तीही सकाळपासून दुसऱ्यांदा. बाहेर एवढं माळरान उघडं पडलंय, पण या दीडशहाण्याला दोराचा वाखच सापडला.

"मेल्या, तिच्यामागोमाग तूही गेला असतास तर सुटलो असतो!" दोरवाला ओरडला. बायको वारून आज चौथा दिवस होता.

लेक चुलीपुढून धावत आली. "मारू नका, बाबा. चार दिवस त्याला शी झालेली नाही. पोट बघा, दगड झालंय नुसतं. खातही नाही. अशानं मरेल तो."

"मी नेतो की रोज! समोर काठी घेऊन उभा राहतो, बस म्हणतो. तर हा माझ्याच तोंडाकडे बघत बसतो."

"समोर कशाला उभं राहायचं? लाजतो तो."

"कुत्रा लाजतो?"

"हा लाजतो. दोर वळताना तुम्ही चाक फिरवायचात, आई कमरेचा वाख सोडत उलट्या पावलांनी मागे मागे बांधापर्यंत जायची, आठवतंय? हा तिच्या पाठीमागे असायचा. आईची पाठ दिसली की तीन गिरक्या घ्यायचा आणि बसायचा. आई म्हणायची त्याला, सावकाश हं, घाई नाही."

दोरवाल्याच्या हातातली काठी खाली आली.

"ते मला म्हणायची ती."

"तुम्हाला?"

"चाक हळू फिरवा म्हणून. अकरा वर्षं ते ऐकून हळू करत आलो मी. एरवी आमचं सगळं भांडणातच गेलं. म्हटलं, दिवसातून एकदा तरी ही माझ्याशी गोड..." लेकीला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

त्याने कोरडा वाख उचलून कमरेला गुंडाळला. "बस चाकापाशी," तो लेकीला म्हणाला.

ऊन कडक होतं. बायकोच्या टाचांनी घट्ट झालेल्या वाटेवरून तो उलटा चालू लागला. हाताला सवय नव्हती, दोर गाठीगाठींचा येत होता. कुत्रा आधी नुसता बघत राहिला, मग उठून मुकाट्याने त्याच्या पाठीमागे गेला. बांधापाशी दोरवाला थांबला. मागे माती खसखसली. एक गिरकी, दुसरी, तिसरी.

"सावकाश हं," तो कसाबसा म्हणाला. "घाई नाही."

थोड्या वेळाने कुत्र्याने मागच्या पायांनी जोरात माती उडवली. ती दोरवाल्याच्या पोटऱ्यांवर येऊन आदळली. बायको रोज मागून अशीच मातीने भरून यायची आणि तो खेकसायचा, कुठे लोळून आलीस म्हणून. तिने एकदाही कुत्र्याचं नाव सांगितलं नव्हतं. तो माती न झटकता तसाच उभा राहिला आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याला रडू फुटलं.

कुत्रा मोकळा होऊन उड्या मारत चाकापाशी आला.

"झालं का, बाबा?" लेकीने विचारलं.

"नाही अजून."

लेकीने एकदा त्याच्याकडे पाहिलं. चाक थांबवून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि कुत्र्याचं डोकंही हाताने तिकडेच वळवून धरलं.

"सावकाश हं, बाबा," ती म्हणाली. "घाई नाही."