मुक्या पेटीची परीक्षा

आत्यानं बनवलेल्या स्पीकरला दुकानात सगळे 'मुकी' म्हणत. नाव भाच्यानंच ठेवलेलं. आत्याचा भाऊ वारल्यावर दुकान त्याच्या मुलाकडे, म्हणजे या भाच्याकडे आलं आणि त्यानं मोठे, भोंग्याचे स्पीकर बाहेरून आणून विकायचा सपाटा लावला. ते चिमूटभर विजेवर खोली दणाणून सोडत. मुकीला तेवढ्याच आवाजाला कितीतरी पट वीज लागे. आत्याला त्याची लाज कधीच वाटली नाही.

आज वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आल्या होत्या. त्यांना पुस्तकं ऐकायच्या खोलीसाठी, म्हणजे जेमतेम आठ खुर्च्यांसाठी, स्पीकर हवे होते. त्यांनी भोंगा पसंत केला तर मुकी बंद, आणि मागच्या खोलीतलं आत्याचं कामाचं टेबलही उचलायचं, हे भाच्यानं सकाळीच सांगून टाकलं होतं.

परीक्षाही त्यानंच घेतली. आवाजाचं बटण चारवर ठेवलं. आधी भोंगा लावला, तर पुस्तक वाचणारीचा आवाज खोलीभर घुमला. मग बटणाला हात न लावता मुकी. शेजारच्या घरात कोणीतरी पुटपुटतंय असं वाटलं.

"दोघांना सारखंच दिलं, मॅडम. अन्याय नको."

बाईंनी मान डोलावली आणि पेन काढलं.

आत्याचं डोकंच फिरलं. बारा वर्षं हाच न्याय! "थांबा," ती म्हणाली. "बटण सारखं म्हणजे आवाज सारखा झाला का रे? कान काय बटणाला लावतोस?"

"आत्या, गिऱ्हाइकासमोर तमाशा नको."

"मांडलास तू. मी फक्त आवरतेय."

तिनं आवाज मोजायचं मीटर खुर्चीवर ठेवलं. भोंगा तीनवर आणला, काटा साठवर थांबला. मुकीसाठी बटण थेट आठवर न्यावं लागलं, तेव्हा काटा साठला पोचला. दोन्ही ठिकाणी तिनं खडूनं खुणा केल्या.

"आता दोघंही भिंतीकडे तोंड करा. आणि तुझा स्पीकर कोणता ते तूच सांग."

तिनं खुणांवर बटण ठेवून एकेक स्पीकर लावला. पहिल्यात वाचणारी नाकातून बोलत होती, तिचा प्रत्येक 'स' कानाला टोचत होता. दुसऱ्यात ती जणू जवळच्या खुर्चीत येऊन बसली. पान उलटताना तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

"हाच!" भाचा भिंतीकडे बघतच ओरडला. "हाच आपला मोठा! ऐका मॅडम, आहे का याला तोड?"

"मलाही हाच हवा," बाई म्हणाल्या.

"वळा आता."

भाचा वळला. भोंगा गप्प होता. मुकी वाचत होती. बारा वर्षांत त्यानं तिला पुरता आवाज कधी दिलाच नव्हता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"हिला दमदार ॲम्प्लिफायर लागेल, बाई, आधीच सांगते," आत्या म्हणाली. "मैदानात सभा असली तर याचा भोंगाच न्या." मग ती भाच्याकडे वळली. "आणि माझं टेबल उचलायचं होतं ना? उचल. पुढे आण, दारापाशी ठेव. माणसं नको बोलावूस, तू स्वतः उचल."