मान वर करून हजेरी

“हजेरी घेताना मान वर करायची, बाई. वहीत नाव असतं, मूल समोर असतं.”

शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, मदर, यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती, तरी हे वाक्य बाईंना अजून त्याच जाड, थोड्या बसक्या आवाजात ऐकू यायचं. बहुतेक सकाळीच, चहाचं आधण ठेवताना. निवृत्त झाल्यापासून बाईंनी एक नेम धरला होता. चौतीस वर्षांत चौतीस तुकड्या हाताखालून गेल्या. रोज एक तुकडी घ्यायची, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकेक चेहरा प्रार्थनेत आठवायचा आणि मगच तोंडात घास घालायचा. एखादा चेहरा अडला की न्याहारी लांबायची. “आज कोण रुसलंय?” असं मुलगा कामावर निघताना विचारायचा आणि बाई नुसत्या हसायच्या.

त्या मंगळवारी नेम पुरा व्हायच्या आतच दारावर टकटक झाली. शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका, सिस्टर, दारात उभ्या होत्या. शिकवायला आल्या तेव्हा त्यांनी पहिला खडू बाईंच्याच वर्गात हातात धरला होता. आता शिरोवस्त्राच्या कडेने त्यांचेही पांढरे केस डोकावत होते.

“बसत नाही, बाई,” असं म्हणत त्या बसल्या. “पहिलीत चोवीस झालीत. पंचवीस असल्याशिवाय सरकार तुकडी मान्य करत नाही. शुक्रवारी कार्यालयाचा माणूस येऊन मुलं मोजणार आहे.”

“आणि चोवीसच निघाली तर?”

“तर पहिलीचं अनुदान थांबतं. यंदा पहिली नाही म्हणजे पुढल्या वर्षी दुसरी नाही. चार वर्षांत नुसत्या भिंती उरतील.”

“फी लावून चालवता येईल असं कोणी म्हणत असेल.”

“म्हणतात ना. म्हणजे निम्मी मुलं फाटकाबाहेर. मग ती शाळा आपली कशी राहील?”

टेबलाखाली बाईंची नात खेळत होती. पाच वर्षांची. सतत काहीतरी गुणगुणायची म्हणून घरात तिला सगळे भुंगी म्हणत. सिस्टरांची नजर टेबलाखाली गेली, तिथे क्षणभर थांबली आणि परत आली. चहा संपवून त्या गेल्या. मागायला म्हणून त्या आल्या नव्हत्या, पण मागून गेल्या.

कपाटावर दुसऱ्याच शाळेचे कागद पडले होते. निळी बस दारात येऊन मुलं नेणारी, गुळगुळीत पुस्तिका छापणारी शाळा. सुनेची सही तेवढी व्हायची होती.

दिवसभर बाईंचे हात कामात होते आणि मन त्या दुमजली इमारतीत. मधोमध झिजलेल्या पायऱ्या. फरशीला लावायच्या मेणाचा वास. पहिलीच्या वर्गाबाहेर कोट अडकवायच्या खुंट्या, ज्यांवर नावं नव्हती, चित्रं होती. कुणाची छत्री, कुणाचं बदक, कुणाची किल्ली. “वाचता न येणाऱ्यालाही आपली खुंटी सापडली पाहिजे,” ही मदरची कल्पना. पगार सरकारचा, शिस्त मदरची, असं शिक्षकांच्या खोलीत गमतीने म्हणत. मदर काही मऊ नव्हत्या. ओल्या फरशीवर पाऊल उमटवलं की तेच फडकं हातात यायचं, मग मूल असो की बाई. पण गावात पाटीवरच्या सरकारी अक्षरांवर जितका लोकांचा विश्वास, त्याहून जास्त त्या फडक्यावर होता. ज्यांनी कधी प्रार्थनाघराचा उंबरा ओलांडला नाही, असे लोकही मुलाचं बोट धरून फाटकाशी येऊन उभे राहायचे.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर बाईंनी विषय काढला. त्यांचा आवाज मुळातच लहान. वर्गातसुद्धा त्या तो चढवत नसत, शांतता होईपर्यंत थांबत. इथेही थांबल्या.

“सिस्टरांच्या पहिलीत एक जागा आहे,” त्या म्हणाल्या.

सून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. एका थेंबावरून माणूस ओळखायची सवय. “सकाळी सिस्टर येऊन गेल्या वाटतं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“पाहुण्यांची कपबशी धुऊन पालथी घातलीय.”

मुलगा हसला. मग म्हणाला, “आई, मी तिथेच शिकलो, तरी मला एक कधी पटलं नाही. पैसा सगळ्या लोकांचा आणि सकाळची घंटा प्रार्थनेची.”

“शिकलात म्हणून इतकं नीट बोलताय,” सून म्हणाली.

“तू कुणाच्या बाजूने आहेस?”

“मी जेवणाच्या बाजूने आहे.”

“प्रार्थना लादली होती का रे तुमच्यावर?” बाईंनी विचारलं.

“नाही. डोळे मिटा आणि ज्याला जे आठवायचं ते आठवा, असं मदर म्हणायच्या. मी डबा आठवायचो.”

“मग बिघडलं काय? भुकेलाही देवच आठवतो, फक्त डब्याच्या रूपात.”

सुनेने भुंगीच्या हनुवटीवरचं शित पुसलं. “मला घंटेचं काही नाही, आई. मला वेगळी काळजी आहे. तिथे झाडून सगळी मुलं घेतात. हिला अक्षरं येतात, शेजारच्याला पेन्सिल धरता येत नसेल. सगळ्यांसाठी थांबता थांबता ही मागे पडली तर?”

बाईंनी एक जुनी गोष्ट सांगितली, जी त्यांनी मुलालाही कधी सांगितली नव्हती, कारण त्यात फजिती त्यांची होती.

नोकरीचं पहिलं वर्ष. मदरचा हुकूम शिरसावंद्य मानून बाई मान वर करून हजेरी घ्यायच्या. सगळे चेहरे जागेवर दिसले की वहीत सरसकट खुणा. कुणी कमी दिसतंय का, याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष; जास्त कोण मोजतं? सात महिन्यांनी सरकारी तपासनीस आले. वहीत तीस नावं. साहेबांनी वर्गावरून बोट फिरवलं, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा मोजलं. एकतीस डोकी.

तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, फ्रॉकची कॉलर चघळणारी एक मुलगी जास्त होती. तिला सगळे ओळखत होते. ती पाढे म्हणायची, फळा पुसायची, तिची खुंटी होती, खुंटीवर मासा होता. वहीत तेवढी नव्हती.

वहीत खोट आढळली तर तुकडीचं अनुदान अडतं, हे नव्या बाईंनाही ठाऊक होतं. मदरना बोलावलं. त्यांनी बाईंकडे पाहिलंही नाही.

“चूक शाळेची आहे,” त्या साहेबांना म्हणाल्या. “आमची वही तोकडी पडली, वर्ग नाही.”

“हे नियमात कुठे बसतं, मदर?”

“तिसऱ्या बाकावर बसतं.”

साहेब त्या मुलीकडे वळले. मग त्यांनी स्वतःचं पेन काढलं, तिला तिचं नाव विचारलं आणि एकतिसाव्या ओळीवर, त्या दिवसाची तारीख घालून, स्वतःच्या हाताने लिहिलं.

पालकांची सही आणायला मदरनी त्याच संध्याकाळी बाईंना पाठवलं. मुलीची आई एका तळघरात कपड्यांना इस्त्री करायची. सात महिने गप्प का राहिलात, असं विचारल्यावर तिने इस्त्री बाजूला उभी केली. “शाळा तुमच्या देवाची. आम्ही वेगळे. विचारलं तर नाही म्हणाल, म्हणून विचारलंच नाही. एक दिवस पोरगी आपली आपण फाटकातून आत गेली. कुणी हाकललं नाही. मग मीही उजेडात आले नाही.”

बाई थांबल्या. “‘कुणी हाकललं नाही’, एवढ्याच दोन शब्दांवर मी उरलेली तेहतीस वर्षं काढली,” त्या म्हणाल्या.

“तीन झाले, आई,” मुलगा हळूच म्हणाला.

“गणिताला मी कधी नव्हतेच.”

सून हसली नाही. तिने चमचा खाली ठेवला. “गोष्ट छान आहे. पण एक खरं सांगा. तुम्हाला तिथे भुंगी हवीय की पंचविसावी हवीय?”

टेबलापलीकडे नात पाण्याच्या पेल्यात पाहून स्वतःशी गात होती आणि बाईंच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण तिच्याकडे एकदाही मान वर करून पाहिलेलं नाही.

“पंचविसावी,” त्या म्हणाल्या. “सिस्टर गेल्यापासून मला आकडाच दिसतोय. चुकलं माझं. ते कपाटावरचे कागद घे आणि सही कर. मी मनात काही ठेवणार नाही.”

त्या भांडी घासायला उठल्या. शुक्रवारी मोजायला येणाऱ्या माणसाचं बोट चोविसावर थांबेल, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. हात तरीही चालत राहिले. थोड्या वेळाने सून फडकं घेऊन शेजारी आली आणि ताटं पुसू लागली.

“तुम्ही इतक्या लवकर माघार घ्याल असं वाटलं नव्हतं. मी कंबर कसून बसले होते.”

“वाया गेली म्हणायची तयारी.”

“त्या बसचं खरं कारण सांगू? ती सातला दारात येते. माझी पाळी साडेसातची, ह्यांची साडेसहाची. सिस्टरांची शाळा उघडते साडेआठला. नेणार कोण? शाळा नको म्हणून नाही.” तिने एक ताट उगाच दोनदा पुसलं. “तिथे तिला कुणी आकडा म्हणून बघणार नाही, हे तुम्ही आत्ता कबूल झालात त्यावरूनच कळलं. पण मागे पडली तर?”

“पडेल कधी. शेजारची उचलेल. कधी ही शेजारचीला उचलेल. संध्याकाळी मी घेऊन बसेनच.” बाईंनी नळ बंद केला. “आणि नेईन मी.”

“तीन जिने आहेत, आई. गुडघे कुणाचे?”

“माझेच आहेत. त्यांची समजूत मी काढीन.”

“रोज?”

“रोज.”

“एक दिवस चुकला तर निळी बस.”

“कबूल.”

“लिहून घे तिच्याकडून,” बाहेरून मुलगा ओरडला.

“तुमच्याकडून घेते,” सून म्हणाली. “त्यांचा शब्द पुरे आहे मला.”

बुधवारी सुनेने पाळी बदलून घेतली, शाळेत जाऊन भुंगीचं नाव घातलं आणि तिला खुंटी निवडू दिली. भुंगीने किटली निवडली.

गुरुवारी बाई नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उठल्या. तुकडी आठवून झाली, चहा झाला. सून आणि मुलगा निघून गेले होते. बाईंनी दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या, नातीच्या बुटांचे बंद बांधले, दाराला कुलूप घातलं. जिना अजून गार होता आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी खोकत होतं.

“आजी, किती पायऱ्या आहेत?”

“उतरल्यावर सांगते.”

बाईंनी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने तिचं बोट, आणि डावा पाय आधी खाली टाकला.