कोसमटोल्याची दोरी

भागीरथाबाई सोमवारी कोणाला उणं बोलत नसत. तसे त्यांचे नेम बरेच होते. सकाळचा पहिला तांब्या झाडाच्या मुळाशी ओतल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, देवापुढे दिवा लावल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. पण ते सोपे. सोमवारी उपास धरून दिवसभर जीभही आवरायची, हा नेम मात्र सरकारी दवाखान्यात नर्सबाई झाल्यापासून फार जड जाऊ लागला होता.

त्या सोमवारी तर पहाटेपासूनच परीक्षा होती. आरोग्य केंद्रातला फ्रीज करंट नसल्यामुळे चार दिवस नुसतं कपाट होऊन उभा होता. बर्फ आदल्या संध्याकाळी नागभीडहून एस्टीच्या टपावर, भुशाच्या पोत्यात बसून आला आणि येता येता अर्धा रस्त्यावरच पाझरून गेला. जीप होती, तर ड्रायव्हर नव्हता. मागच्या आठवड्यात ड्रायव्हर होता, तेव्हा डिझेल नव्हतं.

"सायकलनं होऊन जाईल, बाई. कोसमटोला अकराच किलोमीटर तर आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले.

अकरा किलोमीटर कागदावर. कागदावर नाला नसतो आणि नाल्यात गुडघाभर रेतीही नसते.

बाईंनी गोवराच्या लशीच्या दहा बाटल्या मागितल्या. एका बाटलीत पाच पोरांपुरतं औषध. साहेबांनी रजिस्टर उघडलं. "कोसमटोल्यात पोरं चौतीस. आठ बाटल्या पुरे. दोन राहू द्या, बुधवारी तपासणी आहे, स्टॉक दाखवावा लागतो." आणि उरल्यासुरल्या बर्फाच्या थर्मासात त्या दोन बाटल्या त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवल्या.

"बरं साहेब," बाई म्हणाल्या. सोमवार होता.

शिपाई कोलूभाऊंना असला काही नेम नव्हता. सायकलला लशीचा डबा बांधून ते पुढे, बाई मागे, आणि कोलूभाऊ सगळ्या रस्त्याभर दोघांच्या वाटचं बोलत होते. "तपासणीवाल्याले काय गोवर निघणार आहे, बाई? त्याच्यासाठी दोन बाटल्या ठेवून राह्यले."

बाईंच्या डोळ्यांपुढून चिचटोला हलत नव्हता. कोसमटोल्यापासून दीड कोसावरचं गाव. तिथे गोवर आला होता आणि गुरुवारी दोन वर्षांची एक मुलगी बाईंच्या मांडीवरच गेली होती. ते वारं कोसमटोल्याला लागायच्या आत ही पोरं टोचून झाली पाहिजेत, एवढंच त्या धरून होत्या.

दहाच्या सुमाराला गावाच्या शिवेवर पोचतात तो वाटेवर आडवी दोरी. भाताच्या तणसाची, तिला कडुनिंबाचे डहाळे खोचलेले, खाली राखेची रेघ. पलीकडे गावचा पुजारी लटारू उकिडवा बसला होता.

"थांबा, बाई. आज गाव बांधलं आहे."

"अरे लटारू, पोराइले सुई द्याले आलो ना," कोलूभाऊ म्हणाले. "गोवर येऊ नये म्हणून."

"आमी बी त्याच्याचसाठी बांधलं. दिवस बुडेपर्यंत कोणी आत नाई, कोणी बाहेर नाई. चूल नाई, पाणी नाई."

"दिवस बुडेपर्यंत बर्फ राहीन काय? डब्याचं झाकण फुटकं आहे. दोन मिनिटं दोरी वर कर, आमी खालून येतो."

लटारूनं कोलूभाऊंकडे पाठ केली. तो बाईंकडे पाहून म्हणाला, "बाई, पुसात सांगितलं बुधवारी येतो म्हणून. बाया पोरं घेऊन दिवसभर मोहाखाली बसल्या. कोणी आलं नाई. मंग माघात सांगितलं. मंग होळीच्या आधी. तवा तं मी दवंडी देल्ली. गावात मले हासले लोक. आता तुमच्या भरवशावर रायलो तं पोरं जातीन. म्हणून जे आमच्या हाती आहे ते करून राह्यलो."

यावर बाईंपाशी उत्तर होतं. पहिल्या वेळी जीप मंत्र्याच्या दौऱ्यावर गेली होती. दुसऱ्या वेळी लसच आली नाही. तिसऱ्या वेळी मार्चअखेरचं टार्गेट म्हणून सगळं केंद्र नसबंदीच्या शिबिरात बसलं होतं. पण हे सांगायचं म्हणजे कोणाला तरी उणं बोलायचं, आणि बोलून लटारूचे तीन दिवस थोडेच परत येणार होते.

"चुकलंच," त्या म्हणाल्या.

कोलूभाऊ दोरीकडे हात नेत होते. बाईंनी त्यांना मागे ओढलं. 'एवढ्यानं काय होतं' हे वाक्य त्यांना चांगलं ओळखीचं होतं. उपासाच्या दिवशी चहाचा कप पुढे करून लोक हेच म्हणत. नेम मोडला की मोडला, त्यात थोडा आणि फार नसतो. शिवाय उद्या गावात एका पोराच्या अंगावर जरी पुरळ उठलं, तर ते दोरीखालून सुईबरोबर आलं असंच लोक म्हणणार, आणि मग एकही आई पोराचा दंड उघडा करणार नाही.

"आम्ही इथंच बसतो," त्या म्हणाल्या.

"बसा," लटारू म्हणाला. त्याच्या आवाजात विश्वास मुळीच नव्हता.

तेवढ्यात पलीकडून म्हाताऱ्या रुखमाबाई पुढे आल्या. कडेवर नात होती. "ओ नर्सबाई, त्या नाल्यात हातभर रेती उकरा. थंडगार पाणी लागते. त्याच्यात डबा ठेवा न वरून जांभळीचे डहाळे टाका. नाला दोरीच्या बाहेरच आहे. नाई का रे, लटारू?"

"बाहेरच आहे," लटारूनं कबूल केलं.

कोलूभाऊंनी ओल लागेपर्यंत रेती उकरली. डबा गळ्यापर्यंत पुरला, वर ओलं पोतं, त्यावर डहाळे. बाई काठावरच्या सावलीत माळ घेऊन बसल्या.

"उघडून पाहू काय, बाई? बर्फ आहे का पाणी झालं?" कोलूभाऊंनी बारा वाजता विचारलं. एकला विचारलं, दोनला विचारलं.

"उघडलं की थंडावा जातो. पाहायचं नाही."

बाईंच्या बोटांखाली माळेचा एकेक मणी सरकत होता आणि मण्यागणिक डॉक्टरसाहेबांना सुनवायचं एकेक वाक्य तयार होत होतं. देवाची त्यांनी दोनदा क्षमा मागितली. वाक्यं काही थांबेनात.

तीनच्या सुमाराला लटारू दोरीपाशी आला. "काही खाल्लं नाई तुमी?"

"आज सोमवार. मला पाणी चालतं."

"आमाले आज पाणी बी नाई," लटारू म्हणाला आणि दोरीच्या पलीकडे, पण जरा जवळ, बसला.

गावदेवी मातामायचा दगड शिवेवरच, दोरीला लागून होता. दिवस झाडांच्या शेंड्यांना टेकला तशी बायांनी पोरं तिथे आणली. बांधणीचा नियमच तसा होता: गावातलं पोर न् पोर मातामायपुढे यायलाच हवं. घरोघर फिरूनही बाईंना कधी एवढी पोरं एका जागी दिसली नव्हती.

कोलूभाऊंनी दोरीच्या अलीकडे स्टोव्ह पेटवून सुया उकळल्या. बाईंनी डबा उघडला. पाण्यात सुपारीएवढे चार-पाच तुकडे तरंगत होते. आतला थर्मामीटर सातवर होता; आठच्या वर गेला असता तर लस वाया होती. बाईंनी थर्मामीटर कपाळाला लावला.

लटारूनं पहिल्या पोराच्या कपाळाला हळदीचं पाणी लावलं आणि आकाशाकडे पाहिलं. "दोरी सुटेपर्यंत उजेड जाईन, बाई. तुमाले सुई दिसणार नाई."

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

लटारूनं आपला हात दोरीवरून लांब करून पाहिला. मग म्हणाला, "पोरगं आतच राहीन. हात तेवढा बाहेर काढीन. हात बाहेर गेला म्हणून कोणी गाव सोडलं असं होत नाई."

"पुजाऱ्याच्या लेकराचा हात आधी काढा मंग," मागून कोणी बाई म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिथे हसू झालं.

लटारूनं आपल्याच मुलाचा दंड दोरीवरून पुढे धरला. मग एकामागून एक दंड दोरीवर येत गेले. बाई भराभर टोचत होत्या, कोलूभाऊ मोजत होते. चौतीस झाले, तरी ओळ संपेना. बांबू तोडायला आलेल्या मजुरांची पोरं रजिस्टरात नव्हती, पण नियमात होती. चाळिसावा दंड टोचला आणि शेवटची बाटली रिकामी झाली.

रुखमाबाई नातीचा दंड उघडा करून उभ्याच होत्या. मघापासून त्या इतरांच्या पोरांना पुढे काढत राहिल्या होत्या.

बाईंनी बाटली उलटी करून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "औषध संपलं, बाई."

रुखमाबाईंनी पोरीची बाही खाली केली.

"केंद्रात आहे," बाई म्हणाल्या. "उद्या घेऊन येते."

हे चौथं 'येतो' होतं. ते सगळ्यांनी ऐकलं.

दिवस बुडाला. लटारूनं दोरी सोडली, पण नेहमीसारखी नाल्यात टाकली नाही. ती घेऊन तो रुखमाबाईंच्या घराकडे गेला आणि त्यांच्या दारावर आडवी बांधली. "नर्सबाई येईपर्यंत हे घर बांधलं. इथी चूल नाई, पाणी नाई."

"लेकराले तं पाणी पाजशीन?" कोलूभाऊ म्हणाले.

"लेकराले पाजतीन. रुखमाबाई घेणार नाई."

रुखमाबाईंनी मान हलवली. "या मंग उद्या," एवढंच त्या म्हणाल्या.

नाल्याच्या रेतीतून सायकल ढकलत कोलूभाऊ म्हणाले, "बाई, साहेब त्या बाटल्या देणार नाईत. तपासणी झाल्यावर पाहू म्हणतीन."

"म्हणू द्या."

"न बर्फ?"

"पहाटेची एस्टी आहे. नागभीडहून मी स्वतः आणीन, मांडीवर घेऊन बसेन. नवाला साहेबांच्या दारात उभी राहीन."

"न नाईच म्हटलं तं?"

भागीरथाबाईंनी माळ पिशवीत ठेवली.

"कोलूभाऊ," त्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "उद्या मंगळवार आहे."