वरून दुसरी पायरी

मित्रांनो, मी वाचनालयातली जुनी लाकडी शिडी. जन्मभर भिंतीला टेकून उभी आहे, त्यामुळे मला आळशी समजू नका! माझ्या अंगावरून जितकी माणसं वर गेली, तितकी कुठल्या मोठ्या पुढाऱ्याच्या ओळखीनेही गेली नसतील.

एका मोडीत निघालेल्या दरवाजातून सुताराने मला घडवलं. शेवटचा स्क्रू पिळून तो स्वतःच माझ्यावर चढला, वर उभा राहून दणादण नाचला आणि म्हणाला, "हिला काही होत नाही आता. तुमची नातवंडं चढतील!" मी काय फुगले होते तेव्हा!

पुढे लोखंडी कपाटं आली, सगळी हाताला येणारी. माझ्या वाट्याला उरला फक्त एका भिंतीचा सर्वांत वरचा कप्पा. पण तो कसला होता, माहीत आहे? साम्राज्यांमधल्या कारस्थानांचा! विष घातलेले प्याले, फितूर सेनापती, झोपेत गादीवरून उतरवलेले राजे. ग्रंथपालबाई हसून म्हणायच्या, "कारस्थानं हाताशी नसलेलीच बरी." रोज दुपारी चारला परत आलेली पुस्तकं घेऊन त्या स्वतः माझ्यावर चढायच्या. गुडघे कुरकुरायचे, पण हे काम त्यांनी कधी कोणाला दिलं नाही.

त्यांच्या हाताखाली एक उपग्रंथपाल होते. कायम दुसऱ्या नंबरवर, म्हणून वाचक त्यांना मागून 'वजीर' म्हणायचे. बाई आज निवृत्त होतील, उद्या होतील, म्हणून त्यांनी नवीन कोटसुद्धा शिवून घेतला होता! आणि समितीने बाईंना आणखी दोन वर्षं ठेवून घेतलं. वजीर सगळ्यांच्या आधी अभिनंदन करायला गेले. परत येताना त्यांचा हात माझ्यावर टेकला, तो बर्फासारखा गार होता.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी, त्या वरच्या कप्प्याच्या अट्टल वाचक. एकदा नवऱ्याला घरी न्यायला आल्या, तेव्हा माझ्या पायाशी उभ्या राहूनच त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. "अहो, ऐका तरी! त्या सेनापतीने बादशहाच्या खोगिराचा पट्टा आतून उसवून ठेवला. दोनच टाके शिल्लक. घोडा भरधाव सुटला आणि बादशहा धाडकन खाली! कोणाला संशयही नाही. घोडा काय साक्ष देणार?"

"तुझं आपलं काहीतरीच," वजीर म्हणाले. पण बोलताना ते बायकोकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्याच दिवशी, सगळे जेवायला गेलेले असताना, ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. माझ्या वरून दुसऱ्या पायरीचे स्क्रू त्यांनी एकेक करून ढिले केले. पुरते काढले नाहीत, नुसते टोकावर अडकवून ठेवले. पडलेला भुसा रुमालाने टिपला. "पाय मोडला तरी पुरे," ते स्वतःशीच पुटपुटले. "घरी तरी बसतील."

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण शिडीला कुठलं तोंड!

चार वाजले. वजीर लांब पाण्याच्या माठापाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. बाई आल्या. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्या उतरल्या. मी सुटकेचा निःश्वास सोडणार, तोच दारातून वहिनींचा आवाज आला.

"बाई, दुसरा खंड संपला! तिसरा द्या बघू. त्या सेनापतीचं काय झालं ते कळल्याशिवाय मला स्वयंपाक सुचायचा नाही."

"वर आहे, वहिनी. फोन घेते, थांबा जरा."

"तुम्ही बोला निवांत. मी घेते की! माझे काय हातपाय मोडलेत?"

आणि वहिनी पदर खोचून चढायला लागल्या! एक पायरी, आणखी एक पायरी. वजिरांनी वळून पाहिलं. पेला हातातच राहिला, पाणी बुटांवर सांडत होतं. ओरडावं, तर सगळ्यांसमोर पकडले जाणार. गप्प राहावं, तर...  बोला ना! मी आतल्या आत करवादत होते. वहिनींचा पाय उचलला गेला.

"अगं थांब! वरून दुसरी नको! त्या पायरीवर पाय नको!"

सगळं वाचनालय वळलं. वजीर धावत आले आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी गच्च धरलं. वहिनींनी पाय मागे घेतला. मग वाकून त्या पायरीवर हाताने हलकंच दाबलं. पायरी निसटली आणि फरशीवर धाडकन आपटली.

"तुम्हाला कसं कळलं हो?" वहिनींनी विचारलं.  विचारता विचारताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. "खोगिराचा पट्टा?"

बाईंनी फोन ठेवला. "आधी त्यांना खाली उतरू द्या. बाकीचं नंतर."

"नाही बाई," वहिनी वरूनच म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आधी सांगा. हे कोणासाठी होतं?"

"बाईंसाठी," वजीर म्हणाले. अगदी हळू, पण त्या शांततेत ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

वहिनी उतरल्या. नवऱ्याने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही, बाईंचा घेतला.

समितीने बोलावण्याआधीच वजिरांनी राजीनामा दिला. वहिनी बरेच दिवस फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी आल्या, त्या सुताराला सोबत घेऊनच! त्याने माझा प्रत्येक स्क्रू तपासला आणि मला नवी पायरी बसवली. ती बाकीच्यांपेक्षा पिवळी दिसते, पण मला आवडते. बाई आता चढण्याआधी मला गदागदा हलवून बघतात. मला मुळीच राग येत नाही!

तर मित्रांनो, शिडी असो, झोपाळा असो, सायकल असो, आमची अधूनमधून विचारपूस करत जा. आम्ही कोणाच्याही बाजूच्या नसतो. ज्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर, त्याच्या मनासारख्या आम्ही होतो. आम्हाला 'नको' म्हणता येत नाही. तुम्हाला येतं, तेव्हा वेळेवर म्हणा.