शेलाखाचा तांबडा लेप

फळी काही जळत नव्हती. शेलाखाच्या देवळापुढच्या अंगणात अख्खं गाव लोटलं होतं आणि लामा जुर्मे तांबडा लेप फासलेली चिडाची फळी भर जाळावर धरून उभा होता. लेपाला फोड आले, तो पावासारखा फुगला, काळा पडला; पण मागचं लाकूड जसंच्या तसं. लामाने फळीच्या पाठीला आधी तळहात लावला, मग गाल. बायकांनी तिथेच लोटांगणं घातली.

"हा रंग नाही बरं का!" लामा गरजला. "बर्फातल्या तळ्याखालची माती आहे ही. गुरूंनी अग्निराक्षसाला हिच्यातच पुरला. हे फुगतंय ना, तो राक्षस श्वास कोंडून बसलाय! एकदा भिंतीला हात मारा, मग घरात वणवा आणून ठेवा. माझ्या जटेतला केसही जळायचा नाही."

"श्वास कोंडलाय म्हणे. सोडणार कधी?" गर्दीत पान चघळत उभा असलेला कुन्झांग पुटपुटला.

कुन्झांगने चाळीस वर्षं देवळांच्या भिंतींवर देव रंगवले होते. रंग म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. पण फळी जळली नव्हती, हेही त्याने स्वतःच्या डोळ्यांनीच पाहिलं होतं.

गावाला या लेपाची भूक होती. शेजारच्या खोऱ्यातलं देऊळ लोण्याच्या दिव्यांनी जळून गेलं, तेव्हापासून शेलाखातही दिवे बाहेर अंगणातल्या पत्र्याच्या खोपीत लागत. म्हाताऱ्यांना ते सलत होतं. देव आत अंधारात आणि दिवे बाहेर, हे कसलं पुण्य, असं ते म्हणत. आता गावाने लामाकडून लेपाचे डबे विकत घेतले. दिवे पुन्हा देवापुढे जाणार होते.

कुन्झांगने मात्र वर माळ्याकडे पाहिलं. देवाच्या खोलीच्या बरोबर वर, लाकडी माळ्यावर त्याची थोरली बहीण राहायची. यांगचेन तरुणपणीच भिक्षुणी झाली होती आणि देवळाची राखण करायची. आता गुडघे गेले होते. माळ्यावरून उतरायला खाचा पाडलेला एकच ओंडका होता आणि तो उतरायला तिला कुणाचा तरी खांदा लागे.

लेप लावायचं काम कुन्झांगकडेच आलं. त्याने पहिला डबा उघडला, वास घेतला, बोटांवर चोळून पाहिलं आणि तडक गावप्रमुख ल्हेन्दुपकडे गेला.

"प्रमुख, हा गेरू आहे हो. आपल्याच टेकडीचा. वर चिकटायला थोडा सरस. मी रोज घरी हेच घोटतो."

"फळी जळली का?"

"नाही, पण..."

"मग पण कसला? लामाच्या कानावर गेलं तर शाप देईल गावाला. तुला जमत नसेल तर तसं सांग, दुसरा रंगारी बघतो."

कुन्झांगने मान खाली घातली आणि ब्रश उचलला. नऊ दिवसांत भिंती, खांब, छत, सगळं तांबडं झालं. शेवटच्या दिवशी तो माळ्यावर चढला.

"ताई, थोडे दिवस माझ्याकडे चल राहायला."

"कशाला रे? तुझ्या बायकोच्या हातची तिखट भाजी खायला?" यांगचेन बोळक्या तोंडाने हसली. "आगीला भितोस होय? अरे, तुझ्याच हातचा लेप आहे ना हा?"

"हो," कुन्झांग म्हणाला.

पौर्णिमेला देवापुढे हजार दिवे लागले. पत्र्याची खोपी मोडून पत्रा कुणाच्या तरी गोठ्यावर गेला होता. दुपारी शेजारच्या गावाशी तिरंदाजी होती. बाण लागला की नाच, गाणी, प्रतिपक्षाची टिंगल. मधेच देवळातून धूर निघताना दिसला.

"आज म्हातारीने धूप जोरात घातलाय," ल्हेन्दुप म्हणाला. कुन्झांगनेही मान डोलावली. पौर्णिमेला देवळातून धुराशिवाय दुसरं काय निघणार? नाच चालूच राहिला.

मग धूर काळा झाला. ते धावत पोचले तेव्हा ओंडका जळून पडला होता. वरून एकदाच हाक आली, भावाच्या नावाची.

सातव्या दिवशी यांगचेनच्या मृत्युविधीला लामा हजर. तोंड पाडून म्हणाला, "लेपात खोट नव्हती. तुमच्यातल्याच कुणाची तरी श्रद्धा डळमळली." सगळ्या माना कुन्झांगकडे वळल्या.

कुन्झांग उठला. ल्हेन्दुपच्या देवघरात पूजेला ठेवलेली ती चमत्काराची फळी त्याने आणली आणि न जळलेल्या टोकाला सुरी चालवली. वरचा तांबडा पापुद्रा उडाला. खाली जाड पांढरा थर होता.

"परवा याचाच एक कपचा काढून सीमेवरच्या बाजारात गेलो होतो. कारखान्याचा रंग आहे. ताप लागला की फुगतो आणि फुगलेला थर आतल्या लाकडाला ताप पोचू देत नाही. हॉटेलांच्या भिंतींना लावतात. राक्षसबिक्षस काही नाही. दुकानदाराला जटावालं गिऱ्हाईक चांगलं आठवतंय. एकच डबा नेला होता."

मग त्याने लामाच्या उरलेल्या डब्यातला लेप फासून वाळवलेली दुसरी फळी जाळावर धरली. ती चुलीतल्या ढलपीसारखी पेटली. लामा गाडीकडे सरकला. पण ज्यांनी लोटांगणं घातली होती त्याच बायकांनी वाट अडवली. ठाण्यात नेईपर्यंत तो शापच देत होता आणि कुणाचं काही वाकडं झालं नाही.

"आता ऐका," कुन्झांग म्हणाला. "खरा रंगसुद्धा आगीला बांधून ठेवत नाही. पळायला थोडा वेळ देतो, बस. पळू न शकणाऱ्याला त्याचा काय उपयोग? दिवे बाहेर ठेवा. माळ्याला धड जिना करा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्याची फळी बघू नका, त्याने आपल्याला दिलेला डबा उघडा, तिथेच फासून तिथेच जाळून बघा. चार ढलप्यांचं काम होतं. मला शंका आली होती आणि मी ते केलं नाही."

ल्हेन्दुप रडत म्हणाला, "चूक माझी आहे रे."

"तुम्हाला रंगातलं कळत नव्हतं, प्रमुख. मला कळत होतं. ताईने विचारलं, तुझ्याच हातचा लेप आहे ना? आणि मी हो म्हणालो."