आठशे घरांचा एकच पासवर्ड

हर्षदशेठच्या इंटरनेटच्या धंद्यात अपेक्षा सहा वर्षं राबत होती. कर्जतपासून पळसदरीपर्यंत आठशे घरांत त्यांचे वायफायचे डबे, आणि आठशेच्या आठशे डब्यांना पासवर्ड एकच. ही अक्कल अपेक्षाचीच. दुरुस्तीला गेलेल्या कमळ्या वायरमनला दर घरात पासवर्ड विचारावा लागायचा, आणि तो कुणाला आठवेल तर शपथ!

मग एकच ठेवला, सगळे खूश. तोच कुणा भामट्यांच्या हाती लागला. आता घरोघरच्या डब्यांतून लॉटरी लागल्याचे खोटे मेल जगभर सुटत होते आणि घरच्यांना पत्ताच नाही. बाहेरच्या मेल कंपन्यांनी इथले मेल घेणंच बंद केलं. शेजारच्या श्रद्धानं नर्सच्या नोकरीसाठी खोपोलीच्या दवाखान्याला मेलनं धाडलेला अर्ज तीनदा परत आला, तेव्हा अपेक्षानं शोध घेतला. मूळ सापडलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

सगळे पासवर्ड बदलू या, असा महिनाभर तिनं शेठच्या मागे तगादा लावला. त्यांचं आपलं एकच पालुपद, बघू. लोकांना सांगते म्हटल्यावर मात्र डोळे वटारले. बोभाटा झाला तर उरलेसुरले चोरही येतील, गिऱ्हाईक पळेल, आणि पासवर्ड ठेवला कुणी? तुझंच नाव होईल, नोकरी जाईल ती वेगळीच. घरात कमावती ती एकटी, हे शेठला चांगलं ठाऊक होतं.

"चोर कवाचा घरात बसलाय, शेठ," ती म्हणाली. "ठाऊक नाय ते फक्त घरवाल्यांना."

रविवारी विहारात वंदनेनंतर वस्तीच्या सूचना सांगायची रीत आहे. अपेक्षानं माइक घेतला. पासवर्ड तेवढा उच्चारला नाही. बाकी काय बिघडलंय, तो बदलायचा कसा, सगळं फोड करून सांगितलं.

"एकच पासवर्ड मीच ठेवला. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पन आदी घरी जाऊन तो बदला."

समोर बसलेली भागूबाई म्हणाली, शिव्या सावकाश देऊ, आधी माझा डबा बघ गं. अपेक्षानं तेच सगळं लिहून गावागावांच्या ग्रुपवर टाकलं, खाली स्वतःचं नाव घालून.

दुपारी शेठचा फोन आला. उद्यापासून कामावर यायचं नाही.

"बरं झालं, शेठ. आठशे घरं फिरायचीत. तुमच्याकडं यायला मला सवड कुटं हाय?"